माझ्याच कीबोर्डची टकटक

सुरुवात एका कॉल रेकॉर्डिंगपासून झाली. मी सपोर्ट टीमची लीड आहे, म्हणजे सॉफ्टवेअर बंद पडलं, अडकलं, चुकीचा आकडा दाखवायला लागलं की टिकेट, म्हणजे तक्रारीची नोंद, येतं आमच्या क्यूमध्ये, आणि ज्या टिकेटाला कोणीच वाली नसतो ते फिरत फिरत शेवटी माझ्या नावावर येऊन बसतं. तर एका कॉलनंतर टीममधला एक पोरगा भीत भीत आला, म्हणाला मॅडम तुम्ही त्यांना गुरुवारपर्यंत फिक्स देतो म्हणालात, पण टेस्टिंगच सोमवारी आहे, कसं करायचं? मी म्हटलं, मी? गुरुवार? मी असं काही बोललेच नाही. तो गप्प बसला, पण चेहऱ्यावर लिहिलेलं होतं की बोललात हो. मग रेकॉर्डिंग लावलं. बोलले होते. खणखणीत आवाजात, 'थर्सडे, नो प्रॉब्लेम'. आणि मला त्यातलं अक्षरही आठवत नव्हतं.

पण खरी लाज गुरुवारची नाही वाटली. क्लायंट बोलत होता त्याच्या मागे सतत एक टकटक चालू होती. आधी वाटलं लाइन खराब आहे. मग कळलं, ते माझं कीबोर्ड आहे. तो माणूस अगदी काकुळतीला येऊन सांगतोय की त्यांचे रिपोर्ट दोन दिवस अडकलेत, वरचे लोक त्याला फाडून खातायत, आणि मी मधेमधे 'हो हो, राइट राइट' करत दुसऱ्याच टिकेटला उत्तर टाइप करतेय. बावीस मिनिटं. 'राइट' तर मी इतक्या चुकीच्या जागी म्हटलंय की ऐकवत नाही. मल्टिटास्किंग हा माझा मोठा गुण आहे असं मी आजवर प्रत्येक इंटरव्ह्यूत सांगत आलेय, हे मुद्दाम नमूद करते.

मग सगळे करतात तेच केलं, माइंडफुलनेसचं, म्हणजे लक्ष आत्ताच्या क्षणावर ठेवायला शिकवणारं, ॲप घेतलं. रोज सकाळी वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं. नऊ दिवस चाललं. त्यातले चार दिवस मी बसल्या बसल्या झोपले, तीन दिवस डोक्यात टिकेटांची यादी केली (यादी चांगली झाली, खोटं का बोलू), एक दिवस त्या ॲपमधल्या बाईंच्या संथ आवाजाचा भयंकर राग आला, आणि एकच दिवस खरंच बरं वाटलं. दहाव्या दिवशी सकाळी सहालाच एस्केलेशन, म्हणजे वरपर्यंत गेलेली तातडीची तक्रार, आलं, स्ट्रीक तुटला, आणि एकदा तुटल्यावर मी ते ॲप उघडलंच नाही. तसंही सकाळी कमावलेली शांती नऊ वाजून पाच मिनिटांनी पहिलं लाल टिकेट दिसलं की खल्लास व्हायची, म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

माझी एक मोठी गैरसमजूत होती ती आधी सांगते कारण ती बऱ्याच जणांची असते. मला वाटायचं मन रिकामं करायचं असतं. विचार आला की नापास. मग थोडं वाचलं. हे सगळं हॉस्पिटलांत आणि ऑफिसांत पोचलं ते १९७९ पासून, जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये याचा कोर्स सुरू केला तेव्हा, आणि तिथे येणारे लोक शांती शोधत आलेले साधक वगैरे नव्हते, जुनाट दुखणी आणि ताण घेऊन आलेले पेशंट होते. दुखणं जाईल असं त्यांना कोणी सांगत नव्हतं, ते आत्ता कसं आहे ते बघा, एवढंच. त्याच्या मागचा शब्द तर कितीतरी जुना, पाली भाषेतला 'सती', म्हणजे आपली स्मृती. रीस डेव्हिड्स नावाच्या इंग्रज पाली अभ्यासकाने १८८१ मध्ये त्याला 'माइंडफुलनेस' हा शब्द वापरला आणि तोच पुढे चिकटला. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण स्मृती म्हणजे आठवण. आठवायचं आहे, की अरे मी इथे आहे. रिकामं काही करायचं नाही.

सजगता, सचेतनता हे शब्द वाचले की मला पोस्टर डोळ्यासमोर येतं, सूर्योदय आणि पद्मासनातली बाई. आपल्याकडे 'भान' हा शब्द आहे की. भान राहत नाही, भानावर ये, कसलं भानच नाही हिला. लहानपणी हे इतक्या वेळा ऐकलंय की तेव्हाच शिकायला हवं होतं. आणि भान सुटतं हे कळतं कधी, तर परत आल्यावरच. सुटलेलं असताना कळत नाही. त्यामुळे 'अरेच्चा, मी कुठे होते' हा जो क्षण आहे ना, तो नापास होण्याचा नाहीये, तीच प्रॅक्टिस आहे. मन शंभर वेळा गेलं आणि शंभर वेळा लक्षात आलं तर शंभर वेळा व्यायाम झाला. हे एवढं समजायला मला तीन आठवडे लागले.

मग मी एक उद्योग केला. मॅट किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डच्या दोघांचा २०१० चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे, त्यांनी फोनवर लोकांना दिवसात कधीही अचानक विचारलं की आत्ता काय करताय, मन त्यातच आहे का दुसरीकडे, आणि कसं वाटतंय. सव्वादोन हजार माणसं. तर ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच. म्हटलं आपलं बघू. फोनवर वेड्यावाकड्या वेळांचे सहा अलार्म लावले, व्हायब्रेशनवर, आणि वाजला की वहीत एकच गोष्ट लिहायची, 'इथे' नाहीतर 'कुठे ते'. आठ कामाचे दिवस केलं. अठ्ठेचाळीसपैकी सात अलार्म मला कळलेच नाहीत (हेही उत्तरच आहे म्हणा), आणि उरलेल्यांत 'इथे' फक्त तेरा वेळा. पण आकड्यापेक्षा 'कुठे' हा कॉलम बघण्यासारखा होता. मला वाटलेलं की मी जुनं उगाळत बसते, कोण काय बोललं, कसं बोललं. तसं फार नव्हतं. जवळजवळ सगळीकडे एकच उत्तर, पुढचं काम. टिकेट वाचताना पुढचं टिकेट, मीटिंगमध्ये मीटिंगनंतरचा मेल, आणि पाणी पिताना, शपथ, पाणी भरून झाल्यावर जागेवर जाऊन काय करायचं ते. मी दिवसभर कायम एक पाऊल पुढे राहत होते आणि जिथे पाऊल होतं तिथे कोणीच नव्हतं.

श्वासाचं मात्र वहीने नाही शोधलं, शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने शोधलं. एके दिवशी तो म्हणाला, तुला माझ्या कामाचा काही त्रास होतोय का, असेल तर सरळ सांग. मी म्हटलं का रे बाबा? तर म्हणे तू दिवसभर सुस्कारे टाकतेस, मी काही विचारलं की एक, मेल पाठवलास की एक. आम्ही दोघं चार वर्षं शेजारी बसतोय आणि चार वर्षं तो बिचारा समजतोय की ही माझ्यावर वैतागलेली आहे. मग लक्ष ठेवलं. मेल उघडताना मी श्वास रोखून धरत होते. वाचेपर्यंत, टाइप करेपर्यंत तसाच, आणि सेंड दाबलं की एकदम सगळा सोडायचा. याला नावसुद्धा आहे, लिंडा स्टोन यांनी २००८ मध्ये 'ईमेल ॲप्निया' म्हटलंय. मोठ्या माणसाचा बसल्या जागी श्वास मिनिटाला साधारण बारा ते वीस वेळा चालतो, मी क्यू उघडल्यावर घड्याळ लावून मोजला तर पहिल्या मिनिटात पाच. आणि ते पाचही वरवरचे, गळ्याशी आले की परत. दातही आवळलेले, खांदे कानापर्यंत, आणि जीभ टाळूला गच्च चिकटवलेली. (आत्ता वाचताना बघा तुमची कुठे आहे.)

हे कळलं तिथे माझं सगळं बदललं असं म्हणणार नाही, पण एक गोष्ट डोक्यात नीट बसली, की मला जी घाई वाटते ती कामात कमी आणि अंगात जास्त आहे. टिकेट वाचायला जो दीड मिनिट लागतो तो श्वास रोखला तरी दीडच लागतो.

आता करायचं काय. सकाळची वीस मिनिटं तर जमली नव्हती, कामाच्या मधे वेगळा वेळ काढायचा म्हटलं तर कॅलेंडरवर 'ब्रेक' म्हणून ब्लॉक टाकला आणि पहिल्याच दिवशी त्यावर कोणीतरी मीटिंग टाकली. तेव्हा ठरवलं की वेगळा वेळ नकोच, जे आधीपासून दिवसात घडतंय त्यालाच हे लटकवायचं. यात बरंच फसलं. मॉनिटरला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी 'श्वास घे' चार दिवस दिसली, पाचव्या दिवसापासून ती मॉनिटरचाच भाग झाली, पुढे महिनाभर तिथे होती आणि मला दिसली नाही. दर तासाला टण्ण वाजणारी घंटा लावली ती सगळ्यात वाईट, कारण दिवसभर नोटिफिकेशनने जीव नको केलेला असताना आणखी एक नोटिफिकेशन, ती वाजली की मी दचकायचे आणि मनातल्या मनात शिवी घालून बंद करायचे. शिव्यांचं भान चांगलं यायचं, तेवढंच. जिने चढताना पावलांकडे लक्ष, हे चांगलं आहे, टाच टेकते मग चवडा मग वजन पुढे जातं, पण आमच्याकडे सगळे लिफ्टने जातात आणि कोणीतरी सोबत असतंच, गप्पा मारत मारत टाच-चवडा जमत नाही.

टिकल्या त्या दोनच गोष्टी. एक, स्क्रीन लॉक. जागेवरून उठून परत आलं की पासवर्ड टाकावाच लागतो, त्याला पर्याय नाही, आणि दिवसात मी दहा-बारा वेळा तरी टाकते. तर पासवर्ड टाकायच्या आधी हात कीबोर्डवर न ठेवता तीन श्वास. बास. दुसरी, हेडसेट. कानावर चढवला की कॉल जोडला जाईपर्यंत चार-पाच सेकंद मिळतात, त्यात आधी मी मेल बघायचे, आता पाय जमिनीला टेकलेत का ते बघते. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण पाय टेकलेले आहेत हे जाणवलं की बुड खुर्चीत नीट बसतं, खांदे आपोआप खाली येतात, आणि समोरच्याचं पहिलं वाक्य ऐकू येतं. पहिलं वाक्य ऐकू येणं ही माझ्यासाठी नवलाई होती.

तीन श्वास म्हणजे नेमकं काय तेही सांगते कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. मोठे, फुफ्फुस फाटेस्तोवर घ्यायचे नाहीत, पहिल्या आठवड्यात मी तसे घेतले तर गरगरलं. आत येणारा जसा येतो तसा येऊ द्यायचा, बाहेर जाणारा किंचित लांबवायचा, कारण श्वास सोडताना हृदयाचा ठोका जरा मंदावतो, त्याचं काम मेंदूतून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नर्व्हकडे असतं. पहिल्या श्वासाला विचारायचं, डोक्यात काय चाललंय. दुसऱ्याला फक्त श्वास, नाकपुडीशी किंवा पोटाशी, जिथे कळेल तिथे. तिसऱ्याला अख्खं अंग, जबडा, खांदे, हात. हे मी काही शोधून काढलेलं नाही, सेगल, विल्यम्स आणि टीसडेल या तिघांनी डिप्रेशन परत परत येणाऱ्या लोकांसाठी जी थेरपी बांधली तिच्यात 'तीन मिनिटांची श्वासाची जागा' असते, वर रुंद, मधे अरुंद, परत रुंद, वाळूच्या घड्याळासारखी, त्याचीच ही माझी गरिबाची आवृत्ती. तीन मिनिटं मिळाली तर तीन मिनिटं करते. बहुतेक वेळा मिळत नाहीत.

आणि एक जोडधंदा, जो खरं तर माइंडफुलनेस नाही पण त्याच्याशिवाय माझं हे चाललं नसतं. एक काम सोडून दुसऱ्याकडे गेलं तरी डोकं थोडं मागच्यातच घुटमळतं, सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये याला लक्षाचा उरलेला गाळ अशा अर्थाचं नाव दिलंय, आणि अर्धवट सोडलेल्या कामाचा गाळ जास्त. म्हणून टिकेट बाजूला ठेवताना एक ओळ लिहायची, कुठवर आलं आणि पुढे काय बघायचं. 'लॉग बघितला, एरर रात्री दोनच्या जॉबनंतर, डेटाबेसवाल्यांना विचार.' झालं. मग तीन श्वास घेताना ते टिकेट तितकंसं ओरडत नाही. आधी मी ही ओळ न लिहिता श्वास घेत बसायचे आणि श्वास घेता घेता ते टिकेट तोंडपाठ करायचे.

एक शंका बरेच दिवस छळत होती, की मग एखाद्या बगच्या मागे दोन तास भान हरपून बसले तर ते चूक का? कारण मला या नोकरीत सगळ्यात जास्त तेच आवडतं. शेवटी ठरवलं की नाही, तिथे ढवळाढवळ करायची नाही. ते दोन तास मी कामातच असते, पूर्ण. फक्त उठल्यावर कळतं की लघवी दाबून धरली होती आणि मान आखडलीय, तेवढं बघायला हवं.

आता त्या दिवसाचं सांगते ज्या दिवशी याची खरी परीक्षा झाली आणि मी अर्धी नापास झाले. रात्री अपग्रेड झालं होतं, सकाळी लॉगिनच बंद. सगळ्यांचं. क्यू दहा मिनिटांत साठावर, एसएलए, म्हणजे क्लायंटला कबूल केलेल्या मुदती, एकामागोमाग एक ब्रीच होतायत, मोडतायत, चॅटवर तीन मॅनेजर एकाच वेळी 'एनी अपडेट?' विचारतायत, आणि कॉलवर बावीस माणसं, त्यातली अठरा नुसती ऐकायला. मी पासवर्डचे तीन श्वास घेतले का? नाही, स्क्रीन लॉक व्हायला उठलेच कुठे. साडेदहाच्या सुमाराला कान गरम झालेले जाणवले. नुसते कान. मग मनात म्हटलं, राग. छातीत आवळल्यासारखं, कान गरम, राग आलाय. नाव ठेवलं. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००७ चा ब्रेन स्कॅनचा अभ्यास मी वाचला होता, भावनेला शब्दात पकडलं की मेंदूतल्या अमिग्डालाचा, म्हणजे भीती-रागाला पेटणाऱ्या भागाचा, भडका थोडा कमी होतो असं त्यात दिसलं होतं, म्हणून मी मोठ्या अपेक्षेने नाव ठेवलं. शांत वगैरे काही झाले नाही हो. पाच मिनिटांनी त्याच पोराने, गुरुवारवाल्या, चुकीच्या ग्रुपवर अपडेट टाकला आणि मी त्याच्यावर सगळ्यांसमोर ओरडले. चांगलीच ओरडले.

फरक पडला तो नंतर. आधी असं झालं की मला संध्याकाळी घरी जाताना कळायचं की आज आपण एकाला उगाच झापलं, आणि मग दुसऱ्या दिवशी मी त्याच्याशी जरा गोड बोलून विषय मिटवायचे, म्हणजे मला वाटायचं मिटला. त्या दिवशी वाक्य संपता संपताच कान परत जाणवले. कॉल म्यूट केला, त्याच्या जागेवर गेले, म्हटलं अरे सॉरी, चूक छोटी होती, मी तापलेली होते. तो म्हणाला ठीक आहे मॅडम. ठीक नव्हतं, दिसत होतं. पण अपडेट त्याने नीट ग्रुपवर टाकला आणि दुपारी तो मला स्वतःहून सांगायला आला की अपग्रेडमध्ये एक सर्टिफिकेट बदललेलं नाहीये बहुतेक, आणि तेच निघालं. ओरडा खाऊन गप्प बसला असता तर संध्याकाळपर्यंत आम्ही शोधत बसलो असतो असं मला वाटतं. कदाचित नसतोही.

एक तक्रारही आहे आणि ती करणारच. आमच्याकडे वेलनेसचं एक सेशन ठेवलं होतं, 'कामात शांत कसं राहावं', जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांनी यायचंच, कॅमेरा चालू ठेवायचा. क्यूमध्ये तेव्हा एकशे चाळीस टिकेटं आणि दोन माणसं कमी. डोळे मिटून सेशन घेणाऱ्या बाईंचं 'सोडून द्या, सगळं सोडून द्या' ऐकताना मला हसू येत होतं, सोडून दिलं की ब्रीच होतं हो. माणसं कमी आहेत त्यावर श्वास हा इलाज नाही. गंमत अशी की मला हे इतकं स्पष्ट दिसायला लागलं ते त्या वहीमुळेच. 'कुठे' कॉलम परत वाचताना लक्षात आलं की दुपारी दोन ते तीनमध्ये मी कधीच 'इथे' नव्हते, आणि तेव्हाच शिफ्ट बदलते. जाणारी टीम उठते, येणारी बसते, मधे हँडओव्हरला शून्य मिनिटं, त्यामुळे एक तास सगळेच चाचपडत असतात. मी मॅनेजरकडे शांत राहण्याच्या टिप्स नाही मागितल्या, पंधरा मिनिटांचा ओव्हरलॅप मागितला. दहा मिळाली. ती दहा मिनिटं माझ्या सगळ्या श्वासांपेक्षा जास्त कामाला आली, हे मी ज्याला त्याला सांगते.

याबद्दल जे अवाच्या सवा दावे चालतात ना, झोप, एकाग्रता, वजन, सगळ्यावर एकच औषध, त्यावरही २०१४ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये मोठा आढावा आला होता, ४७ चाचण्या, ३५१५ माणसं. चिंता, डिप्रेशन आणि दुखणं यांत मध्यम दर्जाचा पुरावा की थोडा फायदा होतो, आणि झोप-एकाग्रतेसाठी पुरावा तोकडा, आणि औषधं किंवा व्यायामापेक्षा हे सरस आहे असंही काही दिसलं नाही. मला हे वाचून उलट हायसं वाटलं. थोडा फायदा चालेल की.

आणि सगळ्यांना झेपतं असंही नाही. टीममधल्या एकीला मी उत्साहाने शिकवायला गेले, डोळे मीट, श्वासाकडे बघ, तर तिला धडधडायलाच लागलं, म्हणाली श्वासाकडे बघितलं की श्वास अडकतोय असं वाटतं. तिचं आधीचं काही दुखणं होतं जे मला माहीत नव्हतं, आणि न विचारता शिकवायला गेले हा आगाऊपणा माझाच. तिने नंतर तिच्या डॉक्टरांना विचारलं, आणि आता ती डोळे उघडे ठेवून हाताखालचं टेबल कसं लागतं, गार की कोमट, तेवढंच करते. नाहीतर खोलीतले आवाज मोजते. श्वासच पाहिजे असा काही नियम नाही.

पाच महिने झाले. सवय लागली का? फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात एखादी गोष्ट आपोआप व्हायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं होतं, पण कोणाला १८ पुरले तर कोणासाठी हिशोब २५४ पर्यंत गेला, आणि एखादा दिवस चुकला म्हणून सगळं बुडत नाही असंही. मी त्या २५४ वाल्यांच्या रांगेत उभी आहे असं धरून चालते. पासवर्डचे श्वास दहापैकी चार वेळा होतात, महिनाअखेर असेल तर एक. सुस्कारे कमी झालेत म्हणे, शेजारचा सांगतो, त्याने चार वर्षांची भरपाई म्हणून हल्ली स्वतःच सुस्कारे टाकायला सुरुवात केलीय.

कॉलवर मात्र फरक आहे. हात मांडीवर ठेवते, अक्षरशः, एकावर एक. लिहायचंच असेल तर पेनाने कागदावर, टकटक नको. यातून एक गोष्ट सापडली जी मला वीस वर्षांच्या नोकरीत कोणी सांगितली नव्हती, की माणसं खरी अडचण पहिल्या वाक्यात सांगत नाहीत. रिपोर्ट उघडत नाही म्हणतात. मी आधी तिथेच पकडून पुढे उत्तर द्यायचे. आता समोरचा थांबला की मीही दोन-तीन सेकंद थांबते, आणि त्या थांबण्यात फार कसंनुसं होतं, बोटं शिवशिवतात, आणि मग तो म्हणतो, 'खरं म्हणजे कालच्या बॅकअपनंतर हे सुरू झालंय पण बॅकअप आमच्याकडूनच चुकला असेल म्हणून बोललो नाही.' घ्या. अर्धा दिवस वाचला.

गेल्या आठवड्यात ऑडिटसाठी माझा एक नवा कॉल परत ऐकायचा होता. त्याच क्लायंटचा. लावला, आणि तिसऱ्याच मिनिटाला, टकटक टकटक. माझा जीवच गेला. पाच महिने वही, श्वास, पाय, हात मांडीवर, आणि परत तेच? थांबवला, मागे नेऊन परत ऐकला. टकटक चालूच. मग लक्षात आलं की बोलतेय तर मी. मी त्याला रूट कॉज समजावून सांगतेय, आणि टकटक पलीकडून येतेय. रेकॉर्डिंगमध्ये मी बोलता बोलता थांबते. टकटक आणखी चार सेकंद चालते, मग तीही थांबते, आणि तो घाईघाईने म्हणतो, 'राइट, राइट, गो ऑन, आय ॲम लिसनिंग.'